‘लस दिली होती, तरी पिल्लू गेलं’ : पार्वो आणि सोळाव्या आठवड्याचा हिशेब

(परभणी येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



आजचा विषय आहे कुत्र्यांमधला पार्वो आणि त्याची लस. परभणीत या विषयावर बोलायला एक सोय आहे. इथं १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. जनावराला लस टोचायची असते, हे इथं कुणाला पटवून द्यावं लागत नाही. गाई-बैलांना लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, शेळ्यांना पीपीआर, कोंबड्यांना मानमोडी, ही नावं खेड्यातल्या माणसाला पाठ असतात. कुत्र्याचं मात्र वेगळं आहे. ‘कुत्र्याला इंजेक्शन दिलंय’ एवढंच आपण म्हणतो. कोणतं इंजेक्शन, कितव्या आठवड्यात, असं विचारलं की घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

आणि मग एक वाक्य येतं. प्रत्येक पशुवैद्यकानं ते ऐकलेलं आहे : “डॉक्टर, लस दिली होती हो, तरी पिल्लू गेलं.” यात दुःख असतं आणि रागही असतो. हा माणूस खोटं बोलत नसतो. पण यातून तो एक निष्कर्ष काढतो, की ही लस काही कामाची नाही. पुढच्या पिल्लाला तो लस देतच नाही, शेजाऱ्यालाही सांगतो की देऊ नको. आजचं माझं सगळं बोलणं या एका वाक्याचं उत्तर आहे. लस चांगली असते, पिल्लू धडधाकट असतं, डॉक्टरनं सुई नीट टोचलेली असते, आणि तरी पिल्लू जातं. असं का होतं, हे एकदा नीट समजलं की कॅलेंडरवर कोणत्या तारखेला खूण करायची तेही समजतं.

आधी हा रोग काय आहे

पार्वो हा विषाणू आहे. लॅटिनमध्ये ‘पार्व्हस’ म्हणजे लहान. मिलिमीटरचे चाळीस हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे हा विषाणू. त्याच्याकडं स्वतःचं असं फारसं काही नाही. वाढायचं तर त्याला अशी पेशी लागते जी स्वतःच एकीच्या दोन होण्याच्या घाईत आहे.

आता पिल्लाच्या शरीरात अशा पेशी कुठं असतात? एक म्हणजे आतड्याच्या अस्तरात. हे अस्तर सतत झिजतं आणि काही दिवसांत नवं होतं. दुसरी जागा म्हणजे हाडांमधला मगज, जिथं रक्तातल्या पांढऱ्या पेशी तयार होतात. पार्वो नेमका या दोन ठिकाणी घाव घालतो. आतड्याचं अस्तर सोलून निघतं, रक्त झिरपतं, आणि आतड्यातले जिवाणू रक्तात शिरतात. एरवी त्यांना अडवायला पांढऱ्या पेशी असतात, पण त्याच वेळी त्यांची संख्या कोसळलेली असते. घराची भिंत पडावी आणि त्याच रात्री राखणदारही निघून जावा, तसं होतं.

म्हणून पिल्लू आधी मलूल होतं, खाणं सोडतं. मग उलट्या, मग पातळ, रक्ताची, वास मारणारी हगवण. विषाणू तोंडावाटे गेल्यापासून साधारण तीन ते सात दिवसांत हे सुरू होतं. लहान पिल्लाच्या अंगात पाणी असतं तरी किती? एका दिवसात त्याचे डोळे खोल जातात. उपचार मिळालेच नाहीत तर दहातली नऊ पिल्लं दगावू शकतात. सलाईन, उलटी थांबवायचं औषध, प्रतिजैविकं आणि चांगली शुश्रूषा वेळेवर मिळाली तर दहातली आठ-नऊ वाचतात. लक्षात घ्या, यातलं एकही औषध विषाणूला मारत नाही. शरीर स्वतः लढेपर्यंत पिल्लाला जिवंत ठेवायचं, एवढंच आपण करतो.

एक इशारा इथंच देऊन ठेवतो. पिल्लाला हगवण लागली की गावाकडं पहिलं म्हणतात, “जंत झालेत.” असतीलही जंत. पण जंताची गोळी देऊन दोन दिवस वाट बघणं, ताक-हळद पाजणं, माणसाची जुलाब थांबवायची गोळी देणं, यात जे दोन दिवस जातात तेच मोलाचे असतात. उलटी आणि हगवण दोन्ही असलेलं पिल्लू त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं.

हा आजार आला कुठून

हा रोग फार जुना नाही. १९७८ च्या आधी जगातल्या पशुवैद्यकांनी तो पाहिलेलाच नव्हता. मांजरांना अशाच जातीच्या एका विषाणूचा आजार होतो, तो जुना. त्याच्या जवळचा एक विषाणू थोडा बदलून कुत्र्यात आला आणि १९७८ मध्ये वेगवेगळ्या खंडांत जवळजवळ एकदमच पिल्लं मरायला लागली. दोन वर्षांत तो जगभर पोचला. भारतात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या नोंदी झाल्या. सुरुवातीला तर मांजराची लसच कुत्र्यांना देऊन बघितली. पुढं कॉर्नेल विद्यापीठातल्या मॅक्स अॅपेल आणि लेलँड कार्मायकेल यांनी खास कुत्र्यांसाठी लस तयार केली.

एवढ्या वेगानं तो पसरला कसा? तर हा विषाणू भलताच चिवट आहे. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून तो अफाट संख्येनं बाहेर पडतो, तेही पिल्लू आजारी दिसायच्या आधीपासून. मग तो मातीत, फरशीच्या फटीत, चपलेच्या तळाला, पाण्याच्या भांड्याला चिकटून महिनोन्‌महिने राहतो. सावलीतल्या ओल्या जागेत वर्षभरही टिकू शकतो. अमेरिकेत एका मोठ्या सरोवरात आइल रॉयल नावाचं बेट आहे. तिथल्या लांडग्यांची मोजणी शास्त्रज्ञ दरवर्षी करतात. १९८० साली तिथं ५० लांडगे होते. १९८२ साली १४ उरले. बहुधा कुणीतरी बरोबर आणलेल्या कुत्र्यामुळं तिथं पार्वो पोचला होता. चारी बाजूंनी पाणी असलेल्या बेटावर जो जातो, तो गंगाखेडच्या किंवा जिंतूरच्या आखाड्यावर जाणार नाही, असं कसं म्हणायचं? म्हणून ‘आमचं पिल्लू घराबाहेर जातच नाही’ याला अर्थ नाही. पिल्लू नाही जात, तुमची चप्पल जाते.

आईची शिदोरी

आता मुख्य मुद्दा. इथं शेतकरी मंडळी आहेत, त्यांना चीक माहीत आहे. गाय व्याली की वासराला पहिल्या काही तासांत चीक पाजायचा, नाहीतर वासरू धरत नाही, हे आपण जाणतो. कुत्रीचंही तसंच. पहिल्या दिवसाच्या चिकातून आई पिल्लाला तिच्याकडची प्रतिपिंडं देते. प्रतिपिंडं म्हणजे रोगाशी लढणारे तयार शिपाई. पिल्लाला ते स्वतः बनवायला वेळ लागतो, म्हणून आई शिदोरी बांधून देते.

पण शिदोरी ती शिदोरी. ती संपत जाते. साधारण दर दहा दिवसांनी निम्मी होते. आणि गंमत अशी, की पार्वोची लस म्हणजे अशक्त केलेला जिवंत पार्वो विषाणूच असतो. आईनं दिलेल्या शिपायांना खरा विषाणू आणि लसीतला विषाणू यातला फरक कळत नाही. ते लसीतल्या विषाणूलाही मारून टाकतात. म्हणजे सुई टोचली, कार्डावर शिक्का पडला, पैसे गेले, आणि पिल्लाच्या शरीराला काही कळलंच नाही.

आता थोडं गणित करू. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतो. समजा ही शिदोरी म्हणजे खिशातले रुपये. खिशात ८० किंवा जास्त असतील तर पिल्लू रोगापासून सुरक्षित. २० पेक्षा जास्त असतील तर लस चालत नाही. म्हणजे ८० च्या खाली गेल्यापासून २० वर येईपर्यंत काय होतं? रोग होऊ शकतो, आणि लस मात्र लागू पडत नाही. ८० चे ४०, ४० चे २०, दर दहा दिवसांनी निम्मे, म्हणजे हा काळ वीस दिवसांचा. या वीस दिवसांत पिल्लू उघडं असतं. जगातली कोणतीही नेहमीची लस हे दिवस पूर्णपणे पुसून टाकू शकलेली नाही.

आता एकाच वेतातली तीन पिल्लं घ्या. 

पहिलं अशक्त होतं, त्याला चीक कमी मिळाला. त्याच्या खिशात ३२० रुपये. विसाव्या दिवशी ८० झाले, चाळिसाव्या दिवशी २०. याला सहाव्या आठवड्यात, म्हणजे बेचाळिसाव्या दिवशी दिलेली लस लागू पडेल.

दुसऱ्यानं पोटभर चीक प्याला. त्याच्याकडं २,५६०. त्याचे ८० व्हायला पन्नास दिवस, २० व्हायला सत्तर. याला सहाव्या आठवड्यातली लस फुकट, आठव्यातलीही फुकट. बाराव्या आठवड्यातली लागू पडेल.

तिसरं सगळ्यांत दांडगं, सगळ्यांना ढकलून पहिलं थान धरणारं. आईलाही भरपूर प्रतिकारशक्ती. त्याच्याकडं १०,२४०. त्याचे २० व्हायला नव्वद दिवस लागतात. बारावा आठवडा म्हणजे चौऱ्याऐंशी दिवस. म्हणजे बाराव्या आठवड्याचा डोससुद्धा वाया. सोळाव्या आठवड्यातला एकच डोस याच्या कामाचा.

तीन पिल्लं, एक आई, एकच लस, एकच डॉक्टर. पण प्रत्येकाला लागू पडला तो डोस वेगळा. आणि बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नाही की कोणत्या पिल्लाच्या खिशात किती आहे. म्हणून आपण पुन्हा पुन्हा लस देतो. लोकांना वाटतं, पहिल्या डोसनं थोडी ताकद येते, दुसऱ्यानं आणखी, तिसऱ्यानं पूर्ण. पार्वोत तसं नाही. लागू पडला तर एक डोसही पुरतो. आपण दर काही आठवड्यांनी दार वाजवून बघत असतो, की आता उघडं आहे का.

आता ते वाक्य पुन्हा आठवा. लस दिली होती, तरी पिल्लू गेलं. कितव्या आठवड्यात दिली होती? “दीड महिन्याचा असताना एक, मग अडीच महिन्यांचा असताना एक. डॉक्टर म्हणाले तिसरा द्या, पण लग्नसराई होती, राहून गेला.” सगळ्यांत दांडग्या पिल्लाला जो डोस लागू पडणार होता, नेमका तोच राहिला.

तारखा

जगभरच्या लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांची एक संघटना आहे, तिची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांचं सार असं : सहा ते आठ आठवड्यांचं असताना सुरुवात करा, दर दोन ते चार आठवड्यांनी लस द्या, आणि शेवटचा डोस सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर पडलाच पाहिजे. किती डोस झाले यापेक्षा शेवटचा कधी झाला हे बघा.

उदाहरण घेऊ. पिल्लू १ जानेवारीला जन्मलं. आठवा आठवडा येतो २६ फेब्रुवारीला, बारावा २६ मार्चला, सोळावा २३ एप्रिलला. २३ एप्रिलला लाल खूण करा. बाकी तारखा दोन-चार दिवस मागंपुढं झाल्या तर चालतं, ही तारीख अलीकडं ओढायची नाही. ज्या गल्लीत आधी पार्वो होऊन गेलाय तिथं सहाव्या आठवड्यापासून, म्हणजे १२ फेब्रुवारीपासून सुरुवात करावी.

अगदी थोड्या पिल्लांत सोळाव्या आठवड्यालाही शिदोरी शिल्लक असते. पूर्वी त्यांच्यासाठी वर्षानं एक डोस देत असत. आता वर्षभर थांबू नका, सव्वीसाव्या आठवड्याच्या आसपास तो द्या, असं सांगतात. आपल्या उदाहरणात २ जुलै. त्यापुढं पार्वोचं संरक्षण बरीच वर्षं टिकतं, तीन वर्षांच्या आत पुन्हा द्यायची सहसा गरज नसते. रेबीज आणि लेप्टो यांचं वेळापत्रक वेगळं आहे, ते तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आणि हो, रेबीजची लस म्हणजे पार्वोची लस नव्हे. ‘इंजेक्शन दिलंय’ म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी फक्त रेबीजचं दिलेलं असतं. ते द्यायलाच हवं, पण त्यानं पार्वो अडत नाही. कार्डावर कोणत्या लसीचं लेबल चिकटवलंय ते वाचा.

परभणीचा उन्हाळा

लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच पुढं जातो आणि दुपारी वीजही जाते. पार्वोची लस म्हणजे छोट्या बाटलीतली कोरडी वडी असते, ती दुसऱ्या बाटलीतल्या पाण्यात मिसळायची. कोरडी असली तरी ती जिवंत आहे. औषधाच्या दुकानातून घेऊन शर्टाच्या खिशात घालून सेलू-पाथरीपर्यंत मोटारसायकलवर नेली तर पोचेपर्यंत तिच्यात काय उरेल? शक्यतो डॉक्टरांच्या फ्रिजमधलीच लस घ्या. न्यायचीच असेल तर बर्फाच्या डब्यातून न्या, पण थेट बर्फाला टेकवून गोठवू नका. पाण्यात मिसळली की लगेच टोचायची, संध्याकाळसाठी ठेवायची नाही.

लस द्यायच्या दिवशी पिल्लू खातंपितं, खेळतं असावं. ताप असेल, हगवण असेल तर डॉक्टर पुढची तारीख देतील. जंताचं औषधही वेळेवर झालेलं असावं.

आता काही प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, सोळा आठवडे म्हणजे जवळजवळ चार महिने. तोवर पिल्लाला बाहेर काढायचंच नाही का?

उत्तर : कोंडून ठेवलं तर ते भित्रं किंवा चावरं होतं, तेही नुकसानच. कडेवर घेऊन फिरवा, माणसं दाखवा, गाड्यांचे आवाज ऐकू द्या. ज्यांची लस पूर्ण झालीय अशा ओळखीच्या कुत्र्यांबरोबर खेळू द्या. टाळायचं ते एवढंच, की जिथं अनोळखी कुत्री हगतात ती जमीन हुंगायला, चाटायला त्याला सोडायचं नाही. रिकामा प्लॉट, दवाखान्याची फरशी, बाजाराचं मैदान. दवाखान्यात पिल्लू मांडीवरच ठेवा.

प्रश्न : आमच्या घरी मागच्या महिन्यात एक पिल्लू पार्वोनं गेलं. मुलं रडतायत, दुसरं कधी आणावं?

उत्तर : वाईट वाटलं ऐकून. घाई करू नका. आधी साफसफाई. अल्कोहोलनं हा विषाणू मरत नाही, आणि फिनाईलवर भरवसा ठेवता येत नाही. आधी साबणानं घासून घाण काढा, मग कपडे धुवायचं ब्लीच, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, ते फरशीवर निदान दहा मिनिटं ओलं राहू द्या. ब्लीच आणि फिनाईल किंवा अॅसिड एकत्र करू नका, विषारी वायू होतो. जुनं अंथरूण, पट्टा, लाकडी खोकं जाळून टाका. अंगणातल्या मातीला ब्लीचचा उपयोग नाही, तिथं ऊन हेच औषध. लहान पिल्लू लगेच त्या घरात आणू नका. आणायचंच तर सोळा आठवडे पूर्ण झालेलं, लस पूर्ण होऊन दोन आठवडे झालेलं आणा.

प्रश्न : आमच्या आखाड्यावर कारवानी कुत्री आहे, आता गाभण आहे. तिला काही द्यावं का?

उत्तर : गाभणपणात ही जिवंत लस देत नाहीत. ती गाभण राहायच्या आधी तिचं लसीकरण पूर्ण असायला हवं, म्हणजे चिकातून पिल्लांना भरपूर शिदोरी मिळते. आता तुमच्या हातात आहे ते हे, की प्रत्येक पिल्लू पहिल्याच दिवशी थानाला लागतंय ना ते बघा. आणि पिल्लू कुणाला देताना बरोबर जन्मतारीख लिहून द्या. तारीखच माहीत नसेल तर सोळावा आठवडा मोजायचा कसा?

प्रश्न : पिल्लाला आजच उलट्या सुरू झाल्या तर आज लस देऊन उपयोग होईल का?

उत्तर : नाही. लस लागू पडली तरी प्रतिकारशक्ती यायला तीन ते पाच दिवस लागतात. आजारी पिल्लाला उपचार हवेत. त्याच घरातली जी पिल्लं अजून ठणठणीत आहेत त्यांना वेगळं ठेवा आणि त्यांच्या लसीबद्दल डॉक्टरांना लगेच विचारा.

प्रश्न : माणसाला होतो का हा?

उत्तर : कुत्र्याचा पार्वो माणसाला होत नाही. माणसांचा एक पार्वो आहे, तो वेगळा. पण आपल्या हातापायांना लागून तो एका पिल्लाकडून दुसऱ्याकडं जातो, म्हणून हात साबणानं धुवा, चपला बाहेर ठेवा.

प्रश्न : खर्चाचं काय? गरीब माणसानं तीन-चार डोस द्यायचे कसे?

उत्तर : एक डोस काही शे रुपयांचा असतो, पार्वो झाल्यावर पाच-सहा दिवसांचं सलाईन काही हजारांचं. तरीही एखाद्याला खरंच एकच डोस परवडत असेल, तर तो दीड महिन्यात उरकून टाकू नका. तोवर पिल्लाला जपा आणि तो एक डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर द्या. त्या वयात तो लागू पडायची शक्यता सगळ्यांत जास्त असते. हा उत्तम मार्ग नाही, कारण मधले आठवडे पिल्लू उघडं राहतं. पण एकच गोळी असेल तर ती केव्हा झाडायची, हे तरी माहीत असावं. सरकारी दवाखान्यात ही लस असेलच असं नाही, आधी विचारून घ्या. गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी डॉक्टरांना बोलावलं तर खर्चही वाटला जातो आणि कुणाची तारीखही चुकत नाही.

वेळ संपली आहे. घरी पिल्लू असेल त्यांनी आज रात्री त्याचं कार्ड काढा, जन्मतारीख बघा आणि तिथून एकशे बारा दिवस मोजा. त्या दिवशी किंवा त्यानंतरचा शिक्का कार्डावर नसेल, तर उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करा.